स्टिअरिंग थरथरतं, ब्रेक दाबला की पेडल ठोके देतं: दुरुस्ती करूनही त्रास परत का येतो?

‘गाडी हलते’ एवढ्या दोन शब्दांत मेकॅनिककडे सात-आठ वेगवेगळी दुखणी येतात. मग बॅलन्सिंग होतं (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधतात ते), अलाइनमेंट होतं, कधी पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क बदलल्या जातात. काही महिने गाडी लोण्यासारखी चालते आणि एके दिवशी उतारावर ब्रेक दाबला की तीच थरथर पुन्हा हातात येते. मग खापर नव्या डिस्कवर फुटतं, नाहीतर खराब रस्त्यावर. माझं मत वेगळं आहे. त्रास परत परत येत असेल तर बदललेला भाग बहुतेक वेळा निर्दोष असतो. खरं कारण त्याच्या मागे दडलेलं असतं: हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाच्या) तोंडावरचा गंज, वेडेवाकडे आवळलेले नट, जाम झालेली कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याची) पिन. ते जागच्या जागी ठेवून नवा भाग बसवला की तोही जुन्याच्याच वाटेने जातो.

म्हणून भाग बदलण्याआधी थरथर नेमकी केव्हा येते ते पकडायचं. निम्मं निदान तिथेच होतं.

आधी दोन धोके बाजूला काढा

थरथर चाक काढून बसवल्यानंतर लगेच सुरू झाली असेल, म्हणजे पंक्चर काढलं, टायर फिरवले (पुढचे-मागचे बदलले), ब्रेकचं काम झालं आणि त्याच दिवसापासून, तर पुढचं काही वाचायच्या आधी चाकांचे नट तपासा. ढिला नट सुरुवातीला फक्त थरथर देतो, नंतर चाक सोडतो. स्टीलच्या रिमचे नट अलॉय रिमला लावले असतील किंवा नटाचा उतार रिमच्या बैठकीशी जुळत नसेल, तर ते घट्ट वाटूनही धरत नाहीत.

दुसरा धोका टायरचा. २० ते ४० च्या वेगाला गाडी बदकासारखी डोलते, स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरतं आणि हे दिवसागणिक वाढत जातं, असं असेल तर टायरच्या आतला स्टीलचा पट्टा सुटायला लागलेला असू शकतो. टायरच्या नक्षीवर एका ठिकाणी उंचवटा दिसतो, किंवा बाजूच्या भिंतीवर फुगा आलेला असतो. असा टायर बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवण्यात अर्थ नाही. स्टेपनी लावा आणि तो टायर बाद करा. नक्षीवरून उघडा हात फिरवू नका, तुटलेल्या पट्ट्याच्या तारा बाहेर आलेल्या असतात.

हे दोन्ही नाही म्हटल्यावर गाडी चालवून बघायला हरकत नाही.

चालवून बघताना काय टिपायचं

मोकळा, सपाट, सरळ रस्ता हवा. सोबत कोणीतरी असेल तर निरीक्षणं त्याला लिहू द्या, कारण चालवताना लक्षात राहिलेलं उतरल्यावर आठवत नाही. ६० पासून हळूहळू वेग वाढवत जा. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, कोणत्या वेगाला सगळ्यात जास्त असते आणि त्यापुढे कमी होते का, हे बघा. त्याच वेगाला एक्सलेटर सोडा. मग पुन्हा जोरात दाबा. शेवटी ब्रेक.

स्थिर वेगात येणारी आणि ८० ते ११० च्या पट्ट्यात टोकाला जाऊन पुढे ओसरणारी थरथर चाकाच्या बॅलन्सची असते, नाहीतर टायर किंवा रिमच्या गोलाईची. ती स्टिअरिंगमध्ये जाणवली तर पुढची चाकं, सीटमधून आणि फरशीतून आली तर मागची. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण सुरुवातीला पुरतो.

फक्त एक्सलेटर दाबल्यावर येणारी आणि पाय काढताच थांबणारी थरथर वेगळ्या घरची. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ती बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटची असते. बाहेरचा जॉइंट गेला तर स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक ऐकू येते, तो आवाज चुकत नाही. या दोन्हींत बॅलन्सिंग करून काहीही मिळत नाही.

इंजिनचं बघायचं असेल तर एकाच वेगाला दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवून बघा. वेग तोच, इंजिनचे फेरे वेगळे. थरथर बदलली तर इंजिन, माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) किंवा क्लचकडे बघायचं. तशीच राहिली तर चाकांकडे. मोबाइलमधलं कंपनं मोजणारं एखादं अ‍ॅपही इथे कामाला येतं. मध्यम आकाराच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर १०० च्या वेगाला चाक सेकंदाला १४ ते १५ वेळा फिरतं. अ‍ॅपमध्ये १४-१५ हर्ट्‌झवर टोक दिसलं तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला ५० वेळा फिरतं, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही.

ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर हा वेगळा विषय, तो पुढे सविस्तर येतो. दोन्ही वेळा येत असेल तर आधी चाकं दुरुस्त करायची, मग ब्रेक. उलट्या क्रमाने गेलात तर ब्रेकचं काम झालं की नाही ते कळायला मार्गच उरत नाही.

ब्रेक न दाबता येणारी थरथर

आधी एक गैरसमज. ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हे शब्द आपण एका दमात बोलतो, म्हणून ते एकच काम असल्यासारखं वाटतं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ राहत नाही, टायर एका कडेने झिजतो. थरथर त्याने येत नाही. फार तर असं होतं की कोन बरेच महिने चुकीचे राहतात, टायरची नक्षी करवतीच्या दात्यांसारखी झिजते आणि मग तो झिजलेला टायर घोंगावतो, कधी थरथरतोही. पण तेव्हा अलाइनमेंट करून थरथर जात नाही, कारण टायर झिजून गेलेला असतो.

बॅलन्सिंगचा दोष किती मोठा असतो याचा अंदाज नसतो म्हणून आकडा सांगतो. १५ इंची रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅमचा फरक असेल, तर १०० च्या वेगाला तो चाकाला सुमारे पाच किलो वजनाच्या जोराने बाहेर खेचतो, आणि ही खेच सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलते. वेग निम्मा केला की जोर चौथाईवर येतो. म्हणूनच शहरात गाडी अगदी शांत असते आणि मोठ्या रस्त्यावर गेल्यावर हात थरथरायला लागतात.

बॅलन्सिंग करून घेताना शेजारी उभे राहा. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला वाळका चिखल आधी निघाला पाहिजे. चिखलासकट बॅलन्स केलेलं चाक पहिल्याच धुण्यात बिघडतं. जुनी वजनं काढूनच मशीन चालवावं. चाक मशीनवर बसवताना मधला शंकू रिमच्या मधल्या भोकात नीट बसलाय का, हे सगळ्यात महत्त्वाचं. खात्री करायची युक्ती सोपी आहे: वजनं लावून मशीनने शून्य दाखवलं की चाक सैल करायचं, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायचं आणि मशीन परत चालवायचं. आता ते १५-२० ग्रॅम मागायला लागलं, तर आधीचं शून्य खोटं होतं. चाक मशीनवरच वाकडं बसलेलं होतं. कारागीर कुरकुर करतील, पण हा दोन मिनिटांचा उद्योग एक फेरी वाचवतो.

छोट्या गाडीच्या एकाच चाकाला १०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर वजनं ठोकत बसू नये. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून बघावा. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकत्र आलेल्या असतात, त्या समोरासमोर गेल्या की मागणी बरीच उतरते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची सगळ्यात हलकी जागा असते. व्हॉल्व्हजवळ रिम थोडी जड असते, म्हणून तो ठिपका व्हॉल्व्हशी जुळवतात. पंक्चरसाठी आत द्रव ओतला असेल तर बॅलन्सिंगवर वेळ घालवू नका. गाडी उभी राहिली की तो खाली साचतो आणि प्रत्येक वेळी वेगळीकडे.

बॅलन्स बरोबर, तरी थरथर कायम, असं झालं की गोलाई तपासायची. जॅकवर गाडी उचला, खाली स्टँड लावा, चाकाच्या अगदी जवळ विटेवर किंवा ठोकळ्यावर एक पेन्सिल टेकवून ठेवा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. पेन्सिल आणि रिमची कड यांच्यातली फट कमी-जास्त होताना दिसते. रिमला एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खड्ड्यात आपटून ती वाकलेली आहे. रिम ठीक पण टायरच्या नक्षीवर दीड-दोन मिलिमीटरचा चढउतार दिसत असेल तर दोष टायरचा. याला बॅलन्सिंग लागू पडत नाही. अंडाकृती चाकसुद्धा मशीनवर शून्य ग्रॅम दाखवू शकतं, कारण मशीन ते हवेत फिरवतं आणि रस्ता त्याला खालून ढकलत असतो.

गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी असेल तर टायरला खाली सपाट डाग पडतो. १५-२० किलोमीटर चालवल्यावर टायर तापून थरथर जात असेल तर तो विषय सोडून द्या. जात नसेल आणि टायर जुना असेल, तर त्याच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. ३५१८ असेल तर २०१८ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर.

अदलाबदलीची चाचणी सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडती. चारही चाकांचं माप एकच असेल तर पुढची दोन मागे आणि मागची दोन पुढे लावा, बाजू न बदलता. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकांबरोबर मागे गेला. तशीच स्टिअरिंगमध्ये राहिली तर दोष गाडीत आहे, चाकात नाही. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर एकेका कोपऱ्यावर लावून नेमकं चाकही पकडता येतं. पातळ तात्पुरत्या स्टेपनीवर ही चाचणी करू नये, तिची वेगमर्यादा बहुधा ८० असते.

बाजारातून घेतलेल्या अलॉय रिमचं एक खास दुखणं आहे. अशा रिमचं मधलं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं. गाडीच्या हबचा मधला उंचवटा त्यात सैल बसतो आणि चाकाचा मध्य केवळ नटांच्या भरवशावर राहतो. मशीनवर चाक अचूक, गाडीवर लावलं की थरथर, आणि काढून पुन्हा लावलं की थरथर कमी किंवा जास्त. दरवेळी वेगळा निकाल आला की इथेच संशय घ्या. हब आणि भोक यांच्यातली फट भरणारी रिंग मिळते, तिने काम होतं.

आता गाडीतला दोष. चाक हवेत असताना वरून-खालून धरून हलवा, मग डावी-उजवीकडून. वर-खाली खटखट आली तर चाकाचं बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट. फक्त डाव्या-उजव्या हालचालीत आली तर स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) एंड किंवा रॅकचा आतला जॉइंट. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरला आणि खटखट बंद झाली तर बेअरिंग, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो न फिरणारा भाग) एकत्र धरली जातात. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी बैठका, मात्र हाताने कळत नाहीत. टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म ढकलून रबर किती सरकतं, कुठे फाटलंय ते बघावं लागतं.

बुशबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण वारंवार परत येणाऱ्या त्रासाची एक गाठ इथेच आहे. झिजलेला बुश स्वतः सहसा थरथर निर्माण करत नाही. तो दुसरीकडून आलेली थरथर मोठी करून हातापर्यंत पोचवतो. नवा बुश बसवला की ती दबते आणि गाडी दुरुस्त झाली असं वाटतं. मूळ दोष, म्हणजे २० ग्रॅमचा असमतोल किंवा डिस्कची कमी-जास्त जाडी, तसाच असतो. बुश पुन्हा थोडा मऊ झाला की थरथर परत. ‘बुश बदलला, फरक पडला, पण परत आलं’ असं कोणी म्हटलं की मी बुशच्या दर्जावर बोलत नाही, टायर आणि डिस्क मोजल्या का, ते विचारतो.

पुढे सरळ, एकसंध अ‍ॅक्सल असलेल्या जीपसारख्या गाड्यांचं प्रकरण निराळं. तिथे खड्ड्यावरून गेल्यावर पुढचा भाग जोरात फडफडायला लागतो आणि वेग बराच कमी केल्याशिवाय थांबत नाही. त्यात आडव्या ट्रॅक रॉडचे बुश आणि किंगपिनची बेअरिंगं आधी बघायची. स्टिअरिंग डॅम्पर बदलून ती फडफड काही दिवस झाकली जाते, एवढंच.

ब्रेक दाबल्यावरचे ठोके

पहिला प्रश्न: हे ठोके एबीएसचे (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) तर नाहीत? ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडलखाली वेगाने गुरगुर होते, ते एबीएसचं रोजचं काम आहे. डिस्कचे ठोके चाकाच्या फेऱ्यांना बांधलेले असतात. ३० च्या वेगाला सेकंदाला चार-पाच, १० च्या वेगाला एक-दीड, म्हणजे गाडी थांबत येते तसे ठोके मंदावतात आणि अक्षरशः मोजता येतात. कधी एका फेऱ्याला दोनही पडतात. एबीएसची गुरगुर वेगाबरोबर अशी सुटी सुटी होत जात नाही. कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकला, गाडी थांबायच्या अगदी शेवटी, १०-१५ च्या वेगाला गुरगुर येत असेल तर मात्र चाकाचा सेन्सर, त्यावर चिकटलेला लोखंडाचा चुरा किंवा तडकलेली दातेरी रिंग तपासा. डिस्क बदलून हा त्रास जाणार नाही, तरी त्यापायी डिस्क बदलल्या जातात.

दुसरा प्रश्न: पुढे की मागे? स्टिअरिंग हलतं तर पुढे. फक्त सीट आणि पेडल हलतं, स्टिअरिंग शांत, तर मागे. मागे ड्रम असतील आणि हँडब्रेक केबलचा असेल तर रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ३० च्या वेगाला, हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच, तो हळूहळू ओढून बघता येतो. थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. बटण सोडायचं नाही, नाहीतर चाक जाम होऊन गाडी फिरेल. बटणाने चालणारा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर ही चाचणी विसरा.

पुढचं बहुतेक प्रकरण डिस्कचं. ‘डिस्क बेंड झाली’ हे निदान सर्रास दिलं जातं आणि बहुतेक वेळा ते चूक असतं. रस्त्यावरच्या वापरात डिस्क तापून ताटासारखी वाकते, हे क्वचित घडतं. खरा दोष जाडीचा असतो. डिस्क एका जागी थोडी जाड आणि एका जागी थोडी पातळ होते. जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टनला मागे ढकलतो, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, तो पेडलवर ठोका म्हणून येतो. पातळ भाग आला की दाब उतरतो. त्याच वेळी त्या चाकाची ब्रेकची पकड कमी-जास्त होते, टाय रॉडला झटके बसतात आणि स्टिअरिंग डोलतं. ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा पायाला कळतो, आणि तो डोळ्याला अजिबात दिसत नाही. त्यामुळे डिस्क नुसती बघून ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग जाडी कमी-जास्त होते कशाने? त्रास परत परत का येतो, याचं उत्तर इथेच आहे.

डिस्क हबच्या तोंडावर अगदी सपाट बसायला हवी. तिथे गंजाचा पापुद्रा, मातीचा कण किंवा स्क्रू तुटून वर आलेली कड राहिली की डिस्क तिरकी बसते. हबच्या तोंडाचा व्यास १४० मिलिमीटर आणि डिस्कचा २६० धरला, तर हबवरचा ०.०५ मिलिमीटरचा कण डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट डोल देतो. नवी डिस्क बसवली त्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे. फ्लोटिंग, म्हणजे पिनांवर सरकणारा, कॅलिपर तिच्याबरोबर थोडा सरकतो, पेडल शांत राहतं. पण ब्रेक न दाबताही डोलणाऱ्या डिस्कचा एक भाग बाहेरच्या पॅडला आणि समोरचा भाग आतल्या पॅडला प्रत्येक फेऱ्यात हलकासा घासून जातो. ५,००० किलोमीटरमध्ये चाक २६ लाखांहून जास्त वेळा फिरतं. तेवढ्या घासण्यात त्या जागा झिजून पातळ होतात. मग एके दिवशी ठोके सुरू होतात, आणि तोवर डिस्क कोणी, कशी बसवली होती ते सगळे विसरलेले असतात.

म्हणून ‘नवी डिस्क पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये गेली’ ही तक्रार ऐकली की मला हबचं तोंड दिसतं. डिस्क काढल्यावर हब तारेच्या ब्रशने किंवा घासपेपरने चमकेपर्यंत साफ झाला पाहिजे, स्टडच्या (नट ज्यावर बसतात त्या आट्यांच्या खुंट्यांच्या) बुंध्याभोवतीचा गोल भागही. गंज सर्वात चिवट तिथेच असतो आणि सगळ्यात आधी तोच राहतो. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं. हबला ग्रीसचा जाड थर फासू नये, तोही डिस्क तिरकी करतो.

दुसरं कारण नट. हवेच्या गनने एकामागोमाग एक नट धडाधड आवळले की डिस्क हब आणि रिमच्या मध्ये असमान दाबली जाते आणि तिरकी धरली जाते. चाक हवेत असताना सगळे नट हाताने बसेपर्यंत फिरवायचे, मग समोरासमोरच्या क्रमाने, म्हणजे एक झाला की त्याच्या समोरचा, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे आणि शेवटचा घट्टपणा टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) द्यायचा. बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्यांत हा आकडा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे, तोच धरा. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा. ब्रेकचं काम मन लावून करायचं आणि पुढच्या पंक्चरला गनने नट ठोकून घ्यायचे, यात सगळी मेहनत पाण्यात जाते.

तिसरं कारण कॅलिपर. त्याच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की एक पॅड डिस्कला चिकटून राहतो. डिस्क तापते, तो पॅड दुसऱ्यापेक्षा झपाट्याने झिजतो. आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत ठळक फरक दिसला तर पिना किंवा पिस्टन जाम आहे, असं समजून चाला. काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता हात धरा. जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा एक स्पष्ट गरम लागलं तर तेच. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. पिना आणि पिस्टन मोकळे असूनही ब्रेक धरून राहत असेल तर लवचीक ब्रेक होज (ऑइलची रबरी नळी) बघा. तो आतून फुगला की ऑइल जातं पण लवकर परतत नाही. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबराचे बूट फुगवतं आणि काही महिन्यांत पिन परत जाम.

चौथं कारण आपल्या पायातलं. लांब घाट उतरून आल्यावर तापलेल्या डिस्कवर ब्रेक करकचून दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा माल त्या जागी डिस्कवर चिकटतो. तो डाग पकडीला वेगळा असतो, दर फेऱ्याला जास्त धरतो, जास्त तापतो आणि आणखी माल गोळा करतो. ७०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या जागी डिस्कच्या बिडाची (ओतीव लोखंडाची) रचनाच बदलून ते फार कठीण होतं. डिस्कवर निळसर-काळे डाग दिसतात ते हेच. लेथवर वरचा थर काढला तरी कठीण भाग खोलवर शिल्लक राहतो, बाकीची डिस्क त्याच्यापेक्षा लवकर झिजते आणि उंचवटा पुन्हा वर येतो. निळे डाग असलेली डिस्क लेथवर नेऊ नये, सरळ बदलावी. उतारावर खालचा गिअर वापरा आणि गरम ब्रेकवर उभं राहावं लागलं तर पेडल हलकं सोडून गाडी हँडब्रेकवर ठेवा. अर्थात हँडब्रेक मागच्या डिस्कवरच काम करत असेल तर तिथेही हेच लागू. अशा वेळी थोडं पुढे सरकत राहणं बरं.

बरेच आठवडे उभ्या असलेल्या गाडीत पॅडच्या आकाराचा गंज डिस्कवर उठतो आणि पहिल्या दिवशी ठोके देतो. काही बेताचे ब्रेक मारून तो गेला तर छान. आठवडाभर चालवूनही गेला नाही तर डिस्क खड्डे पडून खराब झाली आहे.

नवे पॅड किंवा डिस्क बसवल्यावर त्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० वर, मध्यम जोराने, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा ब्रेक मारायचे, मध्ये थोडं अंतर ठेवायचं आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न दाबता चालवून थंड होऊ द्यायचं. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा.

मोजल्याशिवाय काम घेऊ नका

ब्रेकचं काम झाल्यावरची चाचणी-फेरी काहीच सिद्ध करत नाही. वर सांगितलं तसं, तिरकी बसलेली नवी डिस्क सुरुवातीचे काही हजार किलोमीटर गप्पच असते. त्यामुळे चाक बसवण्याआधी मोजमाप घेतलंच पाहिजे.

डिस्क हबवर, चाकाचे नट वॉशर घालून समान आवळलेले, डायल गेजचं (सूक्ष्म डोल काट्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचं) टोक डिस्कच्या कडेपासून १०-१५ मिलिमीटर आत, आणि एक पूर्ण फेरा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत फिरला तर काम चोख. त्यापुढे गेला तर डिस्क एक नट पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. दोन-तीन जागा बदलूनही कमी होत नसेल तर डिस्क काढून थेट हबच्या तोंडावर गेज लावा. हबच डोलत असेल तर बेअरिंग किंवा हब बदलल्याशिवाय कोणतीही डिस्क टिकणार नाही. हब ठीक आणि डोल थोडासाच असेल तर डिस्क गाडीवरच ठेवून कातणारं मशीन असलेलं गॅरेज शोधा. त्यात हबची तिरपाईही धरली जाते. सुट्या लेथवर कातलेली डिस्क लेथच्या अक्षाशी सरळ असते, तुमच्या हबशी असेलच असं नाही.

जुनी डिस्क ठेवणार असाल तर मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घ्या. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक नको. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच, मधल्या टोपीवर किंवा कडेला, कोरलेला असतो. कातल्यानंतर त्याच्या खाली जाणार असेल तर कातू नका. दोन्ही बाजूंचे आकडे तारीख आणि किलोमीटरसकट लिहून ठेवा. पाच हजार किलोमीटरनंतर टायर फिरवायला चाकं निघतील तेव्हा तीच मापं पुन्हा घ्या. डोल तोच आणि जाडीतला फरक वाढलेला दिसला तर पेडलला कळायच्या आत डिस्क काढून हब पुन्हा साफ करता येतो, आणि एवढ्यात धरलं तर ती डिस्क वाचते.